विमल, तू मला सांगायला हवं होतंस

विमल, काल तुझा तेरावा झाला. पंगती उठल्या, कढया घासून पालथ्या घातल्या, पाहुणे एस.टी.नं आपापल्या गावी गेले. आज दुपारी घर इतकं गप्प आहे की मी मुद्दाम तुझ्याशी बोलायला बसले आहे. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायची रीत आहे, आणि तसं बोलणारी माणसं काल पुष्कळ होती. ज्यांनी तुला मुंडकीवाली बाई म्हणून हिणवलं, तेसुद्धा काल "लई हुशार पोर गेली" म्हणून डोळे पुसत होते. मला ते जमायचं नाही. मी तुझी भावजय. माझं तुझ्याशी भांडण चालू होतं आणि ते अर्धवट टाकून तू निघून गेलीस. एवढी वर्षं भांडलो, पण मैदान सोडून तू कधी गेली नव्हतीस.

लोकांदेखत मी तुला वन्सं म्हणायची, अहोजाहो करायची. दोघीच असलो की अगंतुगं. मी लग्न होऊन अंथुर्ण्याला आले तेव्हा तू पुण्याच्या वसतिगृहातून सुटीला आली होतीस. आपण एका वयाच्या. माझे वडील इंदापुरात शाळामास्तर, म्हणून मी सातवी झालेली. तेवढ्या भांडवलावर तू मला मैत्रीण करून टाकलंस. पहिल्याच दिवशी विचारलंस, "वहिनी, कोंबडी अंडी द्यायची का थांबते?" मी नवी नवरी, डोक्यावर पदर, हातात हिरवा चुडा. मला वाटलं, ही सासरची काहीतरी परीक्षा असावी. घाबरत म्हणाले, "खुडूक झाली की थांबते." तू म्हणालीस, "ते सगळ्यांनाच माहीत आहे. पण आता थांब, असं तिला सांगतं कोण?" तोच प्रश्न तू पुढं जन्मभर विचारत राहिलीस, फक्त कोंबडीच्या जागी मेंढी आली.

मामंजी होते तोवर तुझ्या शिक्षणाच्या आड कुणी आलं नाही. ते गेले तेव्हा तुझं मुंबईचं शिक्षण संपत आलं होतं, आणि सगळ्यांना वाटत होतं, आता ही पुण्याच्या एखाद्या कॉलेजात शिकवील, संध्याकाळी छत्री घेऊन फिरायला जाईल. तू आलीस बारामतीला. पुण्याच्या एका संस्थेनं तुला संशोधनाला घेतलं होतं, पण तुझं म्हणणं, मेंढरं इथं, शेळ्या इथं, मी तिथं बसून काय करू? कऱ्हा नदीच्या पलीकडं पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्यास. एका खोलीत उंदरांचे पिंजरे, दुसऱ्या खोलीत तू. दोन्हीकडं वास सारखाच.

बारामतीच्या खाटकांनी तुला आधी वेडी ठरवलं होतं. बोकडाचं मुंडकं फोडायचं म्हणजे त्यांचा एकच घाव. पण तुला हवी असलेली वाटाण्याएवढी गाठ मेंदूच्या खाली, हाडाच्या खळग्यात बसलेली. त्या घावानं तिचा चेंदा व्हायचा. मग तू पोतं अंथरून त्यांच्या दुकानापुढं बसलीस आणि छिन्नी-हातोडी घेऊन, हळू हळू टोले देत, हाड कसं उकलायचं ते करून दाखवलंस. गाठ निघाली की अ‍ॅसिटोनच्या बाटलीत. दौंडहून छोट्या गाडीनं लाकडाच्या भुशात बांधलेला बर्फ यायचा, आणि गाडीला उशीर झाला की तू स्टेशनमास्तरचा जीव खायचीस. त्या गाठी वाळवून कुटून तू त्यांची पांढुरकी पूड केलीस आणि माझ्यापुढं बाटली धरलीस. "वहिनी, हिला पिट्युटरी म्हणतात. हिच्यातून रस सुटला की तिकडं खाली बीजकोश जागे होतात. रस सुटला नाही, तर सगळं ठप्प."

तू हे मला सांगितलंस ते ठीक. पण सुटीच्या दिवशी अंथुर्ण्याला येऊन, जेवताना, सगळ्यांपुढं सांगितलंस. माझ्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. आत्याबाईंनी, तुझ्या आईनं, त्या सगळ्या बोलण्यातून एवढंच उचललं, की पोराबाळांची किल्ली बोकडाच्या मेंदूत असते. पुढच्या बाजारापासून दर बाजारी घरात मुंडकं यायला लागलं. भेजा मिरी घालून तव्यावर परतायचा आणि सगळाच्या सगळा माझ्या ताटात. तुझ्या दादांनी एकदा हात पुढं केला तर आत्याबाईंनी त्यांच्या हातावर उलथनं मारलं. मी खात गेले. पहिल्यांदा आवडीनं, मग नाक दाबून.

तुला हे कळलं तेव्हा तू दाराची चौकट धरून हसलीस. मग चिडलीस. "आई, पोटात गेलं की ते भाकरीसारखं पचून जातं. त्यातलं काही गर्भाशयापर्यंत पोचत नाही."

"मंग तुज्या मेंढरास्नी कसं लागू पडतं गं?"

"त्यांना मी सुईनं टोचते."

"मंग हिलाबी टोच की!"

तिथं हसणं संपलं. मी चुलीपुढून तुझ्याकडं बघितलं. तुला दिसलं असेल माझ्या डोळ्यांत काय होतं ते. त्या बाटलीतली चिमूटभर पूड मला दे, एवढंच मागणं होतं माझं, आणि ते आत्याबाईंच्या तोंडून आलं म्हणून मी गप्प होते. तू म्हणालीस, "मेंढीचं औषध बाईला टोचायला मी भोंदू नाही. आणि आधी दोष कशात आहे ते तरी कळू दे." मला ते तेव्हा फार लागलं. मेंढीला मिळतं ते मला नाही, असं झालं.

त्याच हिवाळ्यात मेंढरांच्या एका कळपात लांडगा शिरला. भिगवणच्या बाजूच्या माळावर तो कळप बसला होता. दोन-तीन मेंढ्या गेल्या, बाकीच्या वाचल्या. धनगर मेलेल्या मेंढ्यांसाठी हळहळत होते, आणि तुझं लक्ष वाचलेल्यांकडं. त्या हंगामात त्यातल्या पुष्कळशा माजावरच आल्या नाहीत. त्यातल्या काही कापल्या गेल्या तेव्हा तू त्यांच्या गाठी मिळवल्यास, पूड केलीस, कोवळ्या उंदरिणींना टोचलीस. उंदरिणींचे बीजकोश चांगले टरारून फुगले. म्हणजे गाठीत रस होता. भरपूर होता. तू धापा टाकत मला सांगत होतीस, "कोठार भरलेलं आहे, वहिनी, पण दार उघडलं नाही! भीती डोळ्यांनी शिरली, कानांनी शिरली, मेंदूत गेली, आणि मेंदूनं गाठीला सांगितलं, थांब."

पुण्याचे तुझे साहेब ऐकून म्हणाले, "मेंढीला भीती वाटते, असं मेंढी तुम्हाला सांगून गेली का?" त्यांच्या मते ती गाठच राजा, तिच्यावर कुणी नाही. तू परत आलीस आणि बादलीला लाथ मारलीस. मी म्हणाले, "साहेबांना म्हणावं अंथुर्ण्याला या. आमच्या घरात राजा म्हणजे माझे मालक, पण हुकूम वरून येतो, आत्याबाईंचा." ते तुला इतकं पटलं की पुढं तू पुण्यात भाषण केलंस त्यातही घातलंस म्हणे. माझं नाव न सांगता. तेही भांडण राहिलंच आहे.

आता ज्यावरून आपलं खरं वाजलं त्याकडं येते.

भिगवणची मुलगी ठरत आली होती. तुझ्या दादांसाठी. पहिली असताना दुसरी करायला कायद्यानं बंदी आली होती, पण तात्यांनी, म्हणजे मामंजींच्या चुलत भावानं, त्यावर तोड काढलेली. देवळात माळ घालून आणायची, बोभाटा करायचा नाही. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. आत्याबाई फक्त म्हणाल्या, "तुला काय हितनं कुनी हाकलत न्हाय. दोन येळचं खाशील, ऱ्हाशील." मी त्या दिवसापासून ताटावर बसायची आणि घास फिरायचा. आणि मग त्या महिन्यात माझी पाळी चुकली.

पुढच्याही महिन्यात चुकली.

घर बदलून गेलं. आत्याबाई माझ्या हातातली घागर काढून घ्यायला लागल्या. भिगवणला निरोप गेला, जरा थांबा. तुझे दादा मळ्यातून येताना पदरात पेरू टाकायला लागले, आणि त्यांच्याकडं बघून मला वाटायचं, देवा, हे खरं असू दे, नाहीतर मला यातच मरू दे. मी खरं की खोटं विचारायला तुझ्याकडं आले. बारामतीला डाळिंबं द्यायचं निमित्त केलं. तू माझं तोंड बघितलंस आणि आनंदाचा एक शब्द बोलली नाहीस.

तुझ्या खोल्यांमागच्या पाण्याच्या टाक्याजवळ खडबडीत पाठीचे बेडूक असायचे. त्यातले दोन नर तू धरून आणलेस. एकाला माझी लघवी टोचलीस, दुसऱ्याला नुसतंच मिठाचं पाणी. म्हणालीस, "दिवस राहिलेल्या बाईच्या लघवीत एक रस उतरतो. तो लागला की बेडकाचं बीज सुटतं. दुपारी बघू." त्या सकाळी तू कामाला लागलीस, उंदरांना दाणे घातलेस, काचा पुसल्यास. मी बेडूक ठेवलेल्या त्या दोन मडक्यांसमोर बसून राहिले. माझं सगळं पुढचं आयुष्य एका मडक्यातल्या बेडकाच्या पोटात होतं आणि तो आपला गलफडं हलवत बसला होता. मी त्याला हात जोडले, विमल. तू बघितलंस आणि न बघितल्यासारखं केलंस, त्याबद्दल मी तुझी अजून ऋणी आहे.

दुपारी तू नळीनं थेंब काढलास, काचेवर ठेवलास, आणि तुझ्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीला डोळा लावून बसलीस. किती वेळ बसलीस! मग पहिला बेडूक पुन्हा उचललास, पुन्हा थेंब, पुन्हा डोळा. मी म्हणाले, "बोल की गं." तू दुर्बिणीवरून तोंड न उचलता म्हणालीस, "काही नाही त्यात." मी म्हणाले, "नीट बघ." तू म्हणालीस, "वहिनी, ये, तूच बघ." मी बघितलं. स्वच्छ पाण्यासारखं होतं. तू मला धरलंस आणि म्हणालीस, "तू भ्यालीस. दुसरी येणार म्हणून तू आतून एवढी भ्यालीस की तुझ्या मेंदूनं सगळं थांबवून टाकलं." मी तुला ढकललं. मला त्या दिवशी तुझं शास्त्र नको होतं.

तू तशीच माझ्याबरोबर एस.टी.त बसलीस. मी वाटभर विनवत होते, आजच्या दिवस गप्प बस, आणखी एक महिना जाऊ दे. तू म्हणालीस, "खोट्याच्या जिवावर तू अजून एक महिना काढशील. मग?" ओसरीवर तुझे दादा वांग्यांची पाटी भरत होते, आत्याबाई शेजारी पानं पुसत होत्या. चपलाही न काढता तू सगळं सांगून टाकलंस.

आत्याबाई म्हणाल्या, "बेडकानं सांगितलं व्हय तुला?"

"हो. बेडकानं. आणि आता मी सांगते. दुसरी मुलगी आणायच्या आधी दादाची तपासणी करा. मूल न होण्यात पुरुषाचाही दोष असतो. मेंढ्या गाभण राहिल्या नाहीत तर आपण आधी मेंढाच बदलतो."

ते शेवटचं वाक्य तू बोलायला नको होतंस. खरं होतं, तरी नको होतं. तुझ्या दादांच्या हातातलं वांगं मोडलं, एवढाच आवाज झाला. आत्याबाई उठल्या. "सख्ख्या भावाला उघडा करतीस? मेंढरांच्या संगतीनं लाज बी मेंढरांची झाली व्हय गं तुजी? या घराची पायरी चढायची न्हाय परत. मी मेले तरी मातीला यायचं न्हाय." तू आईकडं बघितलंस, दादाकडं बघितलंस. दादा पाटी भरत राहिले. तू आल्या पावली निघालीस आणि फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभी राहिलीस. मी परसातून तुला बघत होते. दिवस मावळेपर्यंत तू तिथं उभी होतीस, आणि घरातून कुणी तुला पाण्याला विचारायला गेलं नाही. मलाही जाऊ दिलं नाही.

त्यानंतर तुझे दादा विहिरीवरच्या इंजिनाचा सुटा भाग आणायला म्हणून पुण्याला गेले. दोन दिवसांनी आले ते रिकाम्या हातानं. इंजिन तसंच पडून राहिलं. दादा आत्याबाईंना म्हणाले, "भिगवणला निरोप धाडा. जमत न्हाय म्हनावं."

"का जमत न्हाय?"

"जमत न्हाय."

एवढंच. पुढं त्या मुलीचं नाव कुणी काढलं की ते उठून मळ्यात जायचे. आणि त्याच महिन्यात माझी पाळी आली. बारामतीच्या बाजाराच्या दिवशी मी तुला सांगितलं, तर तू टाळी वाजवलीस! "बघ! भीती गेली, दार उघडलं!" मी तुला एक ठेवून देणार होते. माझं रडणं तुला पुराव्यासारखं दिसत होतं. मग तुझं तुलाच कळलं आणि तू माझा हात धरून ठेवलास.

गाव म्हणायला लागलं, नणंदेनं काहीतरी करणी केली, म्हणून दुसरी बायको आली नाही. मी राहिले. पण वांझ म्हणून राहिले. बारशाला मला मागच्या रांगेत बसवायचे. कुणाची ओटी भरायची झाली की ताट माझ्यापुढून सरकून पुढच्या बाईकडं जायचं. मी हे सगळं तुझ्यापुढं आणून ओतायची आणि विचारायची, "विमल, ते पुण्याला गेले होते ना? काय निघालं?" तू म्हणायचीस, "कोण म्हणतं काही निघालं?" मी म्हणायची, "माझा अंदाज आहे." तू म्हणायचीस, "अंदाज म्हणजे शास्त्र नव्हे." मी चिडून म्हणायची, "म्हणूनच विचारतेय!" आणि तू उंदरांच्या पिंजऱ्यात डोकं घालायचीस. शेळीच्या मेंदूतली गुपितं तू चव्हाट्यावर मांडायचीस, परदेशात निबंध पाठवायचीस, आणि माझ्याच जन्माचा प्रश्न आला की तुझी दातखीळ बसायची. कधी मी दोन-दोन महिने तुझ्याकडं फिरकले नाही. मग दादाच भाजीची पिशवी माझ्या हातात द्यायचे आणि दुसरीकडं बघत म्हणायचे, "बारामतीला जातीस का?"

मधल्या काळात तू त्या गाठीचा देठ कापायला लागली होतीस. मेंदू आणि गाठ यांच्यामधला केसासारखा देठ. तो तोडला तर हुकूम पोचणार नाही, असं तुझं म्हणणं. पहिल्या शेळ्या मेल्या. शेळी मेली की त्या दिवशी तू जेवायची नाहीस, अंगणात शेळीच्या दोरीची नुसती गाठ मारत आणि सोडत बसायचीस. मग एक जगली. खात होती, फिरत होती, चांगली तुकतुकीत झाली, पण माजावर म्हणून आली नाही. पुण्याचे साहेब स्वतः बघायला आले आणि पहिल्यांदा तुला "बाई" न म्हणता "डॉक्टर" म्हणाले. ते गेल्यावर तू मला चहा करून पाजलास. कसला पांचट! पण तो चहा पिताना मला वाटलं, ही सुखी आहे. तुला सुखी बघितलेले दिवस फार थोडे, त्यातला तो एक.

त्यानंतर तुला कावीळ झाली. तू अंगावर काढलीस. मी आले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे पिवळे, आणि तरीही तू अ‍ॅसिटोनच्या वासात बसून काम करत होतीस. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी होते. मी ठरवलं होतं, आजारी माणसाला विचारायचं नाही. विचारलंही नाही. तूच माझं मनगट धरलंस. "वहिनी, दादाला विचार." मी म्हणाले, "तू सांग ना." तू मान फिरवलीस, भिंतीकडं. तुझ्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीत जात होतं आणि तू ओठ घट्ट मिटून घेतले होतेस. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला, पण मनात म्हणाले, हिला अजूनही माझ्यापेक्षा भाऊ मोठा. तुला ते कळलं असेल का? कळलं नसेल तर बरं.

तू गेल्यावर दादांनी तुला अंथुर्ण्याला आणलं. आत्याबाई आडव्या आल्या नाहीत. रडल्याही नाहीत. भिंतीला टेकून बसल्या, त्या तेराव्यापर्यंत तशाच.

काल जेवणं झाल्यावर ओसरीवर पानाचं तबक फिरत होतं. मी आत दाराआड ताटं पुसत होते. तात्यांनी विषय काढला. "आता झालं ते झालं. पर वंशाचं बगायला पायजे. कोऱ्हाळ्याला माज्या मेव्हन्याची पोर हाय. त्या येळंला आडवं येनारं हुतं, ते बी आता ऱ्हायलं न्हाय." तुझ्या तेराव्याचं गोड अजून त्यांच्या मिशांना लागलेलं होतं. तू होतीस तोवर मला ठाऊक नव्हतं की मी तुझ्या आडोशाला उभी आहे.

तुझे दादा म्हणाले, "तात्या, पुरे."

"अरं, किती दीस पुरे म्हनशील? बायकू वांझ—"

"ती वांझ न्हाय." त्यांचा आवाज असा चिरकला की पोरं अंगणात थांबली. "माज्यात बीज न्हाय. म्या पुन्याला गेलो हुतो. विमलच्या वळखीच्या डाक्टरनं तपासलं. विमलनंबी काच बगितली. माज्यात न्हाय. आजपातूर म्या हिला बोल खाऊ दिला."

तात्या पानाचा देठ खुडत राहिले. मग भिंतीशी बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "तिला ठावं हुतं? विमलला?"

"हुतं."

"मंग बोलली का न्हाय? तिचं तोंड कुटं गप बसायचं?"

दादा खाली बघत होते. "ती म्हनत हुती, वहिनीला सांग, न्हायतर मी सांगते. लई भांडली. मंग म्या तिला आण घातली. तुज्या गळ्याची."

"माज्या गळ्याची?"

"व्हय. म्हनलं, बोललीस तर आईचं मेलेलं तोंड बगशील."

आत्याबाईंनी आपला हात आपल्या गळ्यावर नेला. तो तिथंच राहिला. जिनं तुला उंबऱ्याबाहेर काढलं, आपण मेल्यावरही येऊ नको म्हटलं, तिच्या गळ्यासाठी तू, देव न मानणारी, नवस-अंगारा दिसला की नाक मुरडणारी तू, तोंड मिटून बसलीस. "आन् तिनं पाळली?" असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच त्यांनी तो हंबरडा फोडला, जो तुझं प्रेत अंगणात आलं तेव्हा निघाला नव्हता. शेजारच्या बायका धावत आल्या. मी मात्र जागची हलले नाही.

कारण मला राग आला होता. आईचा गळा सांभाळलास, भावाची मान सांभाळलीस. माझं काय? तुम्हा दोघा बहीणभावंडांना काय वाटलं, कळलं तर मी त्यांना टाकून माहेरी जाईन? पाणवठ्यावर जाऊन बोंबलेन? अगं, तू मला सांगितलं असतंस तर मी रात्रभर रडले असते आणि सकाळी उठून त्यांच्यासाठी भाकरी थापल्या असत्या. गावाला वांझ म्हणू दे म्हटलं असतं. मागच्या रांगेत बसले असते, ओटीचं ताट माझ्यापुढून सरकलं असतं, आणि मी कुणाला काही कळू दिलं नसतं. तुझ्या दादांचं झाकून ठेवायला तुमच्यापेक्षा मी जास्त राजी होते. पण दोष माझाच असेल या धास्तीत मी तो बोल सोसला, आणि त्यानं मी आतून संपत आले.

काल रात्री ते माझ्याशेजारी येऊन बसले. माफी मागायला आले असावेत, पण त्यांना ते येत नाही. मी त्यांना पाणी दिलं. आणि मग मला तुझी इतकी आठवण आली, विमल, की वाटलं, आत्ता पहाटेची गाडी धरावी आणि तुला जाऊन सांगावं, आज त्यांनी सगळ्यांपुढं सांगितलं.